दुसऱ्या रविवारचं पाणी

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. शाळेत तर नाहीच नाही. टोकावड्याजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते आणि गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी एक निळी पिशवी खांद्याला लावून मुरबाड-शहापूरकडच्या शाळांमधून, वाड्यापाड्यांवरून फिरते. पिशवीत लिंबं, कापूर, हळद, चुना असलं सामान असतं. जिभेवर कापूर जाळायचा, लिंबातून रक्त काढायचं, आणि मग ते कसं केलं ते सगळ्यांना सांगून टाकायचं. मुलं टाळ्या वाजवतात. बाई कशालाच घाबरत नाहीत, असं माझ्या पाठीमागे बोललं जातं. खरं असं आहे की मी लहानपणापासून सगळ्याला घाबरत आले, आणि ज्याची भीती वाटते ते उलगडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी विज्ञाननिष्ठा म्हणतात ती एवढीच.

त्या रविवारी मी शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत होते. पाऊस सरून भात पिवळं पडायला लागलं होतं. मी मुलांना कावीळ उतरवण्याचा खेळ दाखवला. आमच्याकडे कावीळ झाली की ती औषधाने बरी करत नाहीत, हाताने उतरवतात. जाणती बाई रोग्याच्या हातावर काहीतरी चोळते, वरून चुन्याची निवळी ओतते, आणि हातावरून खाली पडणारं पाणी हळदीसारखं पिवळं होतं. ती कावीळ. असं तीन रविवार करायचं. पाणी दर वेळी फिकं होत जातं, तिसऱ्या रविवारी स्वच्छ पडलं की माणूस बरा. मी मुलांना सांगितलं की हातावर चोळतात तो आंब्याच्या सालीचा रस असतो, आणि चुना लागला की तो कुणाच्याही हातावर पिवळा होतो. एका धडधाकट मुलीचे हात धुऊन दाखवले. पाणी पिवळंजर्द. काय हशा पिकला.

संध्याकाळी घरी आले. माझी जाऊ ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. धाकट्या दिराची बायको, सिद्धगडाच्या पायथ्याकडची, सातवा महिना लागलेला, पहिलीच खेप. मी पिशवी खाली ठेवून तिच्या शेजारी बसले, आणि तिच्या हातांना चुन्याचा वास आला.

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. डोळे पिवळे होते. थोडे नाही, चांगले पिवळे. आठवडाभर ती जेवत नव्हती, अंगाला खाज येते म्हणत होती, आणि मी तिला गरोदरपणात असं होतंच म्हणून गप्प केलं होतं. सासूबाईंनी मात्र ओळखलं होतं. मी शहापुरात मुलांना हसवत होते त्याच वेळी त्या हिला वैशाखऱ्याच्या आत, डोंगराकडच्या एका वाडीवर घेऊन गेल्या होत्या. पाणी काळपट पिवळं पडलं, असं जाऊ मला सांगत होती. म्हणजे कावीळ पुष्कळ होती, पण निघायला लागली. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. गरोदर बाईची कावीळ म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि ते मुलांना सांगण्यासारखं नव्हतं.

आता कुणीही विचारील, की मग उचलून दवाखान्यात का नेलं नाही. त्याचं उत्तर द्यायला मला सासऱ्यांचं सांगावं लागेल. तीन वर्षांपूर्वी त्यांना ताप भरला होता. दंडात देवऋष्याचा दोरा होता, तो मी कात्रीने कापला. सगळ्यांशी भांडून त्यांना दवाखान्यात नेलं आणि चौथ्या दिवशी ते तिथेच गेले. डॉक्टर म्हणाले, उशिरा आणलंत. घरात मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. सासूबाईंनी तो कापलेला दोरा उचलून देव्हाऱ्यात ठेवला, तो अजून तिथेच आहे. तेव्हापासून दवाखाना हा शब्द माझ्या तोंडून निघाला की घरात एकदम शांतता होते. नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, तू बोललीस तर आई मुळीच ऐकायची नाही. दीर कामावरून यायचा तो दमून, आणि आई म्हणेल त्याला मान हलवायचा. त्यालाही भीतीच वाटत होती, पण ती कुणाला दाखवायची हे त्याला कळत नसावं.

गुरुवारी मी नेहमीच्या तपासणीचं निमित्त काढून जावेला मुरबाडला नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं, आणि तिला बाहेर बसवून मला सांगितलं की हिला आजच दाखल करा, इथे नको, पुढे शहरात मोठ्या रुग्णालयात न्या. मी विचारलं, किती दिवस थांबता येईल. त्या म्हणाल्या, थांबायचंच कशाला?

घरी आल्यावर मी ते सगळं सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या की उतरवणं चालू असताना सुई टोचली तर कावीळ आत जाते, पोटात शिरते. आत बाळ आहे. तीन रविवार होऊ द्या, मग कुठे न्यायचं तिथे न्या. मी भांडले. शेवटी त्या एवढ्यावर आल्या की दुसरा रविवार होऊ दे. मी जावेकडे बघितलं. तिने हो म्हटलं असतं तर मी तिला तसंच उठवून नेलं असतं, असं मी आजही स्वतःला सांगते. ती भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली,

"ताई, पानी अजून पिवळा हाय. आता सुई घेतली न् बाळात शिरली तर? मला भ्या वाटतं गो."

गुरुवार होता. रविवार तीन दिवसांवर होता. मी ठरवलं की या तीन दिवसांत असा पुरावा उभा करायचा की सासूबाईंना बोलायला जागाच उरणार नाही. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी अंगणात खेळ करून दाखवला. आमच्याच आंब्याची साल ठेचली, नवऱ्याच्या हातावर चोळली, निवळी ओतली. पाणी पिवळं. सासूबाईंनी नीट बघितलं. मग म्हणाल्या की ही तुझी साल, तिची साल वेगळी, तिच्या हाताला गुण आहे. असं म्हणून त्या गाईला वैरण घालायला गेल्या. मी परात हातात घेऊन तशीच उभी. आश्रमशाळेतल्या मुलांसारखं इथे कुणी हसलं नाही.

म्हणजे आता तिचीच साल हवी होती, तिच्याच घरात, तिच्याच हाताने. शुक्रवारी दुपारनंतर रजा टाकून मी वैशाखऱ्याच्या एसटीत बसले आणि उतरून वाडीपर्यंत चालत गेले. नाचणीची शेतं उताराला लागून होती, वर डोंगर. मला सारखं वाटत होतं की घरी काहीतरी झालं असेल आणि इथे फोनला रेंज नाही.

ती बाई पासष्ट-सत्तरची असेल. कुडाचं घर, शेणाने सारवलेलं, लख्ख. मला वाटलं होतं एखादी डोळे फिरवणारी, पैसे मागणारी भेटेल. तसली माणसं मला सोपी जातात. हिने मला पाणी दिलं, बसायला पाट दिला, आणि मी कोणाची कोण ते विचारून जावेची चौकशी केली. ती कुणाकडून काही घेत नव्हती. घेतलं तर गुण जातो, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. मी शिक्षिका आहे, मला बघायचंय, असं म्हटल्यावर तिने काहीही लपवलं नाही. तेच मला जड गेलं.

वर वाशाला पुरचुंड्या टांगलेल्या होत्या. सात-आठ असतील. प्रत्येकीचं फडकं निराळं. ज्याची कावीळ त्याच्याच जुन्या कपड्याचा तुकडा, त्यात सालीचे तुकडे बांधायचे. पहिल्या रविवारी नवी पुरचुंडी. ती भिजवून हातावर चोळायची, वरून निवळी ओतायची, आणि वाळवून पुन्हा वाशाला टांगायची. दुसऱ्या रविवारी तीच. तिसऱ्या रविवारीही तीच. एकाची पुरचुंडी दुसऱ्याला चालत नाही, कारण त्यात त्याची कावीळ आलेली असते. मला जावेच्या हिरव्या साडीचा काठ लगेच ओळखू आला.

मी वर बघत राहिले आणि सगळं उलगडलं. तीच साल तीन वेळा भिजते. पहिल्यांदा रंग गडद, दुसऱ्यांदा फिका, तिसऱ्यांदा रंगच उरत नाही. फिकी होते ती साल. माणसाच्या आत काय चाललंय त्याचा त्या पाण्याशी काही संबंध नाही. आणि या बाईला ते माहीत नाही. तिला फसवायचं नव्हतंच कधी. तिला कुणीतरी असं शिकवलं आणि दर वेळी पाणी स्वच्छ होत गेलं, मग ती शंका कशाला घेईल?

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला. पिशवी घेऊन इतकी वर्षं फिरताना हा खेळ मी शंभरदा दाखवला असेल, पण पाणी आपोआप स्वच्छ का होतं ते मला आजवर कळलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात प्रयोग मांडत होते. पुरचुंड्यांची अदलाबदल करायची. जावेची पुरचुंडी माझ्या हातावर, आणि जिच्या सालीतला रंग संपलाय अशी तिसऱ्या रविवारची पुरचुंडी जावेच्या हातावर. माझं पाणी पिवळं पडणार, तिचं स्वच्छ. शनिवारी मी स्वतःचं रक्तही तपासून घेतलं, म्हणजे मला कावीळ नाही याचा कागद हातात असेल. अगदी पक्कं काम. घरी जाऊ उलट्या करत होती आणि मी कागद पर्समध्ये नीट घडी घालून ठेवत होते.

रविवारी शेजाऱ्यांची जीप सांगितली. मागे आम्ही तिघी बसलो. जाऊ माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. सकाळची वेळ, रस्त्याला चांगला उजेड, आणि तिला डोळे उघडे ठेवता येत नव्हते. कुठे आलो, असं तिने विचारलं, मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. ते दमल्यामुळे नव्हतं. कावीळ डोक्याकडे जायला लागली की माणूस असं गुंगतं, हेही मी वाचलं होतं. ड्रायव्हरला जीप मुरबाडकडे फिरवायला सांगावं, एवढं एक वाक्य माझ्या तोंडात आलं. सासूबाई समोर बसून पुटपुटत होत्या, हात जोडलेले. मी ते वाक्य गिळलं. म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे.

वाडीवर पोचलो तेव्हा एका माणसाचा तिसरा रविवार नुकताच आटोपला होता. त्याची चौकडीच्या फडक्यातली पुरचुंडी ओली, परातीशेजारी पडलेली. तो बायकोबरोबर हसत पायवाटेने उतरत होता. मी म्हातारीला म्हटलं की आज एक उलटं करून बघू या. त्याची पुरचुंडी हिच्या हाताला लावा आणि हिची माझ्या हाताला. असं आजवर कुणी केलं नाही, ती म्हणाली. सासूबाई नको म्हणाल्या. मी पर्समधला कागद काढून दाखवला, मला कावीळ नाही हे वाचून सांगितलं. शेवटी म्हातारी म्हणाली, बाईच्या जीवाचं समाधान होऊ दे.

तिने आधी जावेचे हात घेतले. चौकडीची पुरचुंडी चोळली, मनगटापासून बोटांपर्यंत, सावकाश. निवळी ओतली. परातीत पाणी पडलं ते विहिरीच्या पाण्यासारखं. मग माझे हात. हिरव्या काठाची पुरचुंडी. निवळी पडली आणि माझ्या बोटांवरून पिवळं पाणी ओघळलं.

सगळं मी मांडलं होतं तसंच झालं. शाळेत या ठिकाणी मी थांबते, मुलांकडे बघते आणि विचारते, काय कळलं? मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी परातीतलं ते स्वच्छ पाणी ओंजळीत घेऊन जावेच्या कपाळाला लावलं. उतरली, त्या म्हणाल्या. दुसऱ्याच रविवारी उतरली. जाऊ हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली ती, पिवळ्या डोळ्यांनी.

आणि मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. माझे पिवळे हात त्यांनी आपल्या हातात घेतले. तीन वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तू आपल्यावर घेतलीस गो बाय," त्या म्हणाल्या. "तिची तू घेतलीस."

मला वाटलं होतं त्या एक तर पटलं म्हणतील, नाही तर पटलं नाही म्हणतील. हे तिसरं मला सुचलंच नव्हतं. पुरचुंड्या बदलल्या म्हणजे कावीळ बदलली. त्यांच्या हिशेबात याहून सरळ काय होतं? मी माझ्या हाताने, कागदासकट, या आजारी मुलीला बरी ठरवून टाकलं होतं. आता तिला दवाखान्यात न्यायचं कारणच उरलं नव्हतं. आणि मी बोलू शकत नव्हते. त्या हातांची ऊब मला सोडवत नव्हती, हे खरं आहे. सासऱ्यांचं सगळं त्या एका क्षणात माफ झालं होतं. मी काही सेकंद तशीच बसले. किती ते मला सांगता येणार नाही.

म्हातारी परातीकडे बघत होती, मग दोन्ही पुरचुंड्यांकडे. तिने हिरवी उचलली, पिळली. मग चौकडीची उचलली, पिळली. स्वतःच्या डाव्या हातावर हिरवी चोळली आणि भांड्यातली उरलीसुरली निवळी ओतली. तिचा हात पिवळा झाला. तिने तो पदराला पुसला, पुन्हा बघितला. आमच्यात त्या पुरचुंड्या जन्मभर हाताळलेली ती एकटीच होती, आणि तिला जे दिसलं ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या तोंडावरचा रंग गेला. इतकं घाबरलेलं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं.

"काय उतरला नाय न् काय चढला नाय," ती सासूबाईंना म्हणाली. "सालीतला रंग सरतो. ह्या पोरीला आत्ता उचला आन दवाखान्यात न्या. माझ्या पोरीचा पानी पन असाच निवळ पडला होता."

सासूबाईंनी काहीतरी विचारलं. म्हातारीने तोवर जावेच्या काखेत हात घातला आणि तिला स्वतःच उठवून जीपकडे चालवत नेलं. मी इतके दिवस सांगून जे झालं नव्हतं ते तिच्या एका बोलण्याने झालं. सासूबाई मागोमाग गाडीत चढल्या.

पुढचं मी थोडक्यातच सांगू शकते. मुरबाडवरून रुग्णवाहिका, मग शहरातलं मोठं रुग्णालय. जाऊ चार दिवस शुद्धीवर नव्हती. दुसऱ्या दिवशी बाळ झालं, मुलगी, आणि ती रडली नाही. दिराने तिला टॉवेलात घेतलं होतं. जाऊ वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा तिचे डोळे पांढरे होते.

महिनाभर रोज सकाळी सासूबाई मला अंगणात उन्हात उभं करायच्या आणि माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायच्या. मुळ्याचा पाला खाऊ घालायच्या. म्हातारीने सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, तरी मी ती कावीळ घेतली ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नव्हती. मी नको म्हणाले नाही. सांगायला लाज वाटते, पण शाळेत जायच्या आधी आरशात मीही माझे डोळे बघायची. एवढा पक्का प्रयोग माझा, आणि मला त्याच हातांची भीती वाटत होती. हळद लागली तरी मी साबणाने दोन-दोनदा धुवायची.

भात कापून झाल्यावर मी एकदा पुन्हा वाडीवर गेले. का गेले ते मला नक्की माहीत नव्हतं. आभार मानायचे होते, आणि तिने उतरवणं बंद केलं का तेही बघायचं होतं. ही तपासून बघायची सवय माझी जात नाही. वाशाला पुरचुंड्या नव्हत्या. एकच होती, कोपऱ्यात, धुराने काळी झालेली, फडकं कसलं ते ओळखू न येण्याइतकी जुनी. लोक येतात, तिने सांगितलं. ती डोळे बघते आणि मुरबाडला पाठवते. काही जण तिच्यावर चिडतात आणि दुसऱ्या जाणत्याकडे जातात. जाऊ वाचली, बाळ राहिलं नाही, एवढं मी तिला सांगितलं. माझ्याकडे तिने चहा पुढे केला आणि ती उंबऱ्यावर बसली.

तिची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कावीळ झाली. म्हातारीने स्वतःच्या हाताने तीन रविवार केले, तिसऱ्या रविवारी पाणी स्वच्छ पडलं आणि बुधवारी मुलगी गेली. पोटातल्या बाळासकट. लोक म्हणाले, कावीळ तर उतरली होती, हे दुसरंच काहीतरी. तीही तेच म्हणत आली. ते दुसरं काय, हे तिने किती जणांना विचारलं असेल कुणास ठाऊक. काळी पुरचुंडी मुलीची होती.

मग तिने मला विचारलं.

"तेवा दवाखान्यात नेली असती तर वाचली असती का?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि ते तिला उरलेलं आयुष्य जाळत राहिलं असतं. नाही म्हणणं त्याहून सोपं होतं. पण दोन्ही खोटं होतं. काही जणी दवाखान्यात जाऊनही वाचत नाहीत आणि काही न जाताही वाचतात. एकीचं काय झालं असतं ते कुणालाच सांगता येत नाही. मी मुलांना वर्षानुवर्षं हेच शिकवत आले, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, त्यात लाज नाही. मी तिच्याकडे बघून म्हटलं, मला माहीत नाही.

तिने मान हलवली. तिला राग आला नाही. मग तिने विचारलं की माझ्या जावेला पहिल्यांदा दवाखान्यात कधी दाखवलं होतं. गुरुवारी, मी म्हटलं. आणि इथे आणली रविवारी. तिने बोटांवर मोजलं. मध्ये मी एकदा एकटीच येऊन गेले होते, पुरचुंड्या बघायला, हे तिच्या लक्षात होतं.

"मग गुरवारीच नेली असती तर?" ती म्हणाली. "तुमचा बाळ?"

उत्तर तेच होतं. ते खरंही होतं. आताच तिला मी ते दिलं होतं, न अडखळता. पण ते तीन शब्द मला पुन्हा म्हणता आले नाहीत.